तीन मिनिटं चाळीस सेकंद थांबलेला ड्रम : फिल कॉलिन्सच्या पहिल्या एकल गाण्याचा प्रकरण अभ्यास

जानेवारी १९८१मध्ये व्हर्जिन रेकॉर्ड्सनं ब्रिटनमध्ये 'इन द एअर टुनाईट' हे सिंगल, म्हणजे एका गाण्याची सुटी तबकडी, बाजारात आणलं. गाणारा, लिहिणारा आणि चाल बांधणारा एकच होता, फिल कॉलिन्स. तोवर लोक त्याला जेनेसिस या बँडचा ड्रमर आणि १९७५मध्ये गायक पीटर गेब्रिएल बाहेर पडल्यावर पुढे आलेला गायक म्हणून ओळखत होते. स्वतःच्या नावावरचं हे त्याचं पहिलंच गाणं. ड्रम वाजवण्यासाठी नावाजलेल्या या माणसाच्या पहिल्या गाण्यात खरा ड्रम सुमारे तीन मिनिटं चाळीस सेकंदांनी येतो. अल्बममधलं गाणं साधारण साडेपाच मिनिटांचं आहे, म्हणजे दोन तृतीयांश गाणं सरेपर्यंत ड्रमवर काठीही पडत नाही.

हा निर्णय कसा झाला, तो निभावून नेताना तांत्रिक बाजूनं काय काय जमवावं लागलं आणि सिंगलसाठी त्यात कुठे तडजोड झाली, हे उलगडण्यासाठी हे प्रकरण. घरच्या खोलीत एकट्यानं गाणं करून पहिलं सिंगल काढू पाहणारे आज मराठीतही पुष्कळ आहेत. त्यांच्यासमोरचे बरेचसे प्रश्न या एका गाण्यात एकत्र सापडतात.

घरची टेप

१९७८च्या लांबलचक दौऱ्यानंतर कॉलिन्सचं पहिलं लग्न मोडलं. जेनेसिसमधले टोनी बँक्स आणि माईक रदरफर्ड आपापल्या एकल अल्बमांत गुंतले होते. कॉलिन्सच्या हाती रिकामं घर आणि मोकळा वेळ उरला. सरे परगण्यातल्या त्या घरात, झोपायच्या खोलीत, त्यानं ध्वनिमुद्रणाची जुळणी मांडली : आठ ट्रॅकचं, म्हणजे आठ आवाज वेगवेगळे साठवणारं टेप मशीन, प्रॉफेट-५ सिंथेसायझर, फेंडर ऱ्होड्स पियानो आणि रोलँडचं सीआर-७८ हे ताल वाजवणारं यंत्र. तिथे तयार झालेल्या गाण्यांपैकी दोन जेनेसिसच्या 'ड्यूक' (१९८०) या अल्बमात गेली. उरलेल्यांतून त्याचा पहिला एकल अल्बम 'फेस व्हॅल्यू' उभा राहिला.

सीआर-७८ हे १९७८चं यंत्र. लाकडी पेटीसारखं दिसणारं, रुंबा, वॉल्ट्झ असे तयार ठेके पोटात असलेलं. घरगुती ऑर्गनसोबत वाजवायला अशी यंत्रं घेतली जात. पण त्यात दोन सोयी वेगळ्या होत्या. स्वतः रचलेला ठेका साठवता येई, आणि तयार ठेक्यातलं एखादं वाद्य बंद करता येई. बास ड्रम नको, काढून टाका. झांज नको, काढून टाका. अशी काटछाट झाल्यावर मागे राहते ती बारीक टिकटिक आणि मधूनच येणारा पोकळ ठोका. या गाण्याचा पाया एवढाच. लय मिनिटाला सुमारे ९५ मात्रांची, आणि सुरुवातीपासून अखेरपर्यंत त्या टिकटिकीत काहीही बदलत नाही.

वर प्रॉफेट-५चे लांब, धुक्यासारखे सूर. गाणं डी मायनरमध्ये आहे. कॉर्ड डी मायनर, सी, बी फ्लॅट, पुन्हा सी अशा खालीवर होतात, पण खालचा डी जवळजवळ हलत नाही. तंबोऱ्यावरचा षड्ज जसा गवयाच्या मागे उभा असतो तसा तो उभा राहतो. डीला सा धरलं तर ग, ध, नी कोमल मिळतात, म्हणजे सूर आसावरी थाटाचे. राग अर्थातच नाही. तरी चाल ऐकताना आपल्या कानाला परकं का वाटत नाही, याचं थोडं उत्तर त्या न हलणाऱ्या आधारस्वरात आहे, असं आम्हाला वाटतं.

शब्दही याच खोलीतले. कॉलिन्सनं नंतर अनेकदा सांगितलं आहे की, माईकसमोर कॉर्ड वाजवता वाजवता बहुतेक ओळी आपोआप तोंडात आल्या. त्या नीट वाचल्या तर कथा हाती लागत नाही. संताप आहे, वाट पाहणं आहे, कुणाला तरी उद्देशून बोलणं आहे. बुडणाऱ्याला हात न देणाऱ्या माणसाचा उल्लेख आल्यामुळे पुढे अफवा पसरली की, कॉलिन्सनं असा प्रसंग डोळ्यांनी पाहिला आणि त्या माणसाला मैफलीत सगळ्यांसमोर उघडं पाडलं. कॉलिन्सनं ती वारंवार नाकारली आहे. तरी ती इतकी रुजली की, २०००मध्ये रॅपर एमिनेमच्या 'स्टॅन' या गाण्यातलं पात्रही ती खरी मानून बोलतं.

डेमो की पुन्हा ध्वनिमुद्रण?

पहिला मोठा निर्णय इथे झाला. रिवाज असा की, घरचा डेमो हा नकाशा. स्टुडिओत जाऊन सगळं नव्यानं, स्वच्छ वाजवायचं. कॉलिन्स आणि ध्वनिअभियंता ह्यू पॅडगम यांनी तसं केलं नाही. आठ ट्रॅकची घरची टेप चोवीस ट्रॅकच्या टेपवर उतरवली आणि उरलेल्या सोळा ट्रॅकांवर नवं काम केलं. सीआर-७८ची टिकटिक आणि प्रॉफेटचे सूर घरचेच राहिले.

याची किंमत मोजावी लागते. टेपवरून टेपवर नक्कल केली की दोन्ही टेपांची सरसर एकत्र होते. दोन्हींची पातळी सारखी धरली तर ती सुमारे तीन डेसिबलनं वाढते. झोपायच्या खोलीतल्या मशीनची सरसर आधीच जास्त असते. शांत जागांत ती ऐकू येते आणि हे गाणं तर शांत जागांनीच बनलेलं. दुसरी अडचण अशी की, एकाच ट्रॅकवर मिसळून गेलेले आवाज नंतर सुटे करता येत नाहीत, आणि लय किंचित वाढवावीशी वाटली तरी टेपचा वेग बदलताच सूरही सरकतो. थोडक्यात, डेमो ठेवायचा तर त्यातले दोषही तसेच पदरात घ्यायचे.

तरी निर्णय बरोबरच होता. यंत्राचा ठेका पुन्हा लावणं सोपं. पण त्या ठेक्यावर रात्री एकट्यानं बसून धरलेला सूर, बोटं कुठे रेंगाळली, कुठे उशिरा सुटली, हे ठरवून पुन्हा येत नाही. स्टुडिओत उत्तम साधनांनी वाजवलेलं दुसरं ध्वनिमुद्रण डेमोपुढे निर्जीव वाटतं, हा अनुभव या धंद्यात रोजचा आहे. नवोदितांची नेमकी चूक म्हणजे डेमो कच्चा आहे म्हणून सरसकट फेकून देणं. त्यातली कुठली गोष्ट पुन्हा मिळणार नाही ते आधी ओळखावं, तेवढी जपावी आणि बाकीचं खुशाल नव्यानं करावं.

नव्या कामात वादक मोजकेच होते. गिटारवर डॅरिल स्टर्मर, बासवर जॉन गिब्लिन. व्हायोलिनवर एल. शंकर, म्हणजे लक्ष्मीनारायण शंकर. जॉन मॅकलॉफलिन, आपले मुंबईचे उस्ताद झाकिर हुसेन आणि घटमवादक विक्कू विनायकराम यांच्यासोबत 'शक्ती'त वाजवणारे. कर्नाटक संगीतात घडलेला हा हात या गाण्यात आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं, कारण व्हायोलिन पुढे येत नाही. सिंथेसायझरच्या धुक्यात ते मिसळून गेलं आहे. गळ्यावर काही ठिकाणी वोकोडर लावला आहे. त्यानं आवाज माणसाचा राहूनही यंत्रातून आल्यासारखा होतो, आणि यंत्राच्या ठेक्याशी त्याचं नातं जुळतं.

दगडी खोली

आता तो ड्रम. त्याचा उगम या गाण्याच्या आधीचा, पीटर गेब्रिएलच्या १९८०मध्ये आलेल्या तिसऱ्या एकल अल्बमाच्या कामातला. जागा लंडनच्या शेपर्ड्स बुश भागातला टाउनहाउस स्टुडिओ. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाईट, अभियंता पॅडगम, आणि काही गाण्यांना ड्रमवर कॉलिन्स. तिथल्या दुसऱ्या स्टुडिओत दगडी भिंतींची, आवाज जोरात परतवणारी एक खोली होती. सत्तरच्या दशकातल्या बहुतेक स्टुडिओंचा कल उलट होता. गालिचे, गाद्या लावून ड्रमचा आवाज कोरडा करायचा.

मिक्सिंगचा कन्सोल, म्हणजे सगळे आवाज जुळवायचं टेबल, सॉलिड स्टेट लॉजिक कंपनीचा, बी मालिकेतला. त्याला एक साधी सोय होती : वादकांच्या खोलीत छताला टांगलेला एक माईक. काचेपलीकडचा वादक काही बोलला तर अभियंत्याला ऐकू यावं, एवढाच त्याचा उपयोग. वादक कुजबुजला काय किंवा जवळून ओरडला काय, दोन्ही सारखंच ऐकू यावं म्हणून त्या माईकवर अतिशय कडक कॉम्प्रेसर कायमचा जोडलेला असे. कॉम्प्रेसर मोठा आवाज दाबतो. मग एकूण पातळी वर घेतली की लहान आवाज उचलले जातात. हा माईक चालू असताना कॉलिन्स ड्रम वाजवत होता. बोलण्यासाठीच्या त्या वाटेनं ड्रम आत आला तो प्रचंड होऊन. ठोका दाबला गेला होता आणि त्यामागचा दगडी भिंतींचा घुमारा उसळून वर आला होता.

अडचण अशी की ही वाट फक्त कानावर घालण्यासाठी होती. तिथून टेपवर ध्वनिमुद्रण करायची सोयच नव्हती. तेव्हा कन्सोलच्या आतली जोडणी बदलून तो आवाज बाहेर काढून घेतला गेला. दुसरा भाग नॉइज गेटचा. या कन्सोलच्या प्रत्येक चॅनेलवर कॉम्प्रेसर आणि गेट होते, आणि त्या काळात ही मोठी सोय होती. गेट म्हणजे दार : आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की उघडतं, खाली आला की बंद होतं. घुमारा ऐन जोरात असतानाच दार लावलं, की आवाज विरत जात नाही, कापला जातो. मोठ्या खोलीचा भास होतो आणि लगेच मागे शांतता.

आकड्यांत बघू. ९५च्या लयीत एक मात्रा सुमारे ६३२ मिलिसेकंदांची. स्नेअर, म्हणजे संचातला कडक आवाजाचा ड्रम, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, म्हणजे दोन ठोक्यांत सव्वा सेकंदाहून किंचित जास्त, १,२६४ मिलिसेकंदांचं अंतर. दगडी खोलीचा घुमारा मोकळा सोडला तर तो या अंतरात भरून राहील आणि पुढचा ठोका चिखलात पडेल. २५० ते ३०० मिलिसेकंदांत दार लावलं तर मागे जवळपास एक सेकंद उरतो. त्या एका सेकंदात टिकटिक, प्रॉफेट आणि गळा स्वच्छ ऐकू येतात. म्हणून हा ड्रम एवढा मोठा असूनही गाण्यावर चढून बसत नाही.

हे आज घरी करून पाहणाऱ्यांचं गणित बहुधा पुढच्या ठिकाणी बिघडतं. पहिलं झांजांचं. गेब्रिएलनं आपल्या अल्बमात झांजा वाजवायलाच मनाई केली होती. त्यामागचा हेतू कलात्मक होता, पण या तंत्राला ती मनाई पथ्यावर पडली. कडक कॉम्प्रेसर झांजेची लांब शेपटी ठोक्याइतकीच मोठी करतो, आणि गेट ती मधेच तोडतो. कानाला ते फाटल्यासारखं लागतं. हाय-हॅट या पायानं मिटणाऱ्या झांजजोडीचंही तेच. हवीच असेल तर ती वेगळी, नंतर वाजवावी. दुसरं, गेट खोलीच्या माईकच्याच पातळीवर चालवला तर तो कधी उशिरा उघडतो, कधी फडफडतो. दाराची किल्ली ड्रमजवळच्या माईकच्या हाती द्यावी : जवळच्या माईकनं ठोका पकडला की दूरच्या माईकचं दार उघडेल. उघडायचा वेळ एक मिलिसेकंदाच्या आत, उघडं ठेवायचा वेळ लयीप्रमाणे २०० ते ३०० मिलिसेकंद, बंद व्हायचा वेळ ३० ते ८० मिलिसेकंद. कॉम्प्रेसरचं गुणोत्तर दहास एक किंवा त्याहून कडक, आणि सुटण्याचा वेळ आखूड, नाहीतर घुमारा उचलला जाण्याआधीच कापला जातो.

तिसरी चूक सर्वांत मोठी. लोक कोरड्या खोलीतल्या ड्रमवर कृत्रिम रिव्हर्ब, म्हणजे यंत्रानं केलेला घुमारा, लावून तो गेट करतात आणि तसा आवाज का येत नाही म्हणून विचारतात. इथे मूळ मालमसाला खोली हाच आहे. हातात दगडी खोली नसेल तर जिना, फरशीचं रिकामं सभागृह, टाइल्सची मोठी मोरी शोधावी. दोन माईक ड्रमपासून तीन-चार मीटरवर लावावेत आणि ड्रमरला जोरात, मोजकं वाजवायला सांगावं. कॉलिन्सचे टॉमटॉम, म्हणजे संचातले घुमणारे ड्रम, खालची कातडी काढलेले, एकतोंडी होते. असा टॉम बोलतो थेट आणि सूर लवकर सोडतो. दुहेरी कातड्याचा टॉम गुणगुणत राहतो आणि ती गुणगुण गेटच्या आड येते.

आणि तो प्रसिद्ध तुकडा? जोडीजोडीनं टॉमवर पडणारे ठोके, मग दोन सुटे, आणि तिथून गाणं दुसऱ्याच अंगानं चालू लागतं. कॉलिन्सच्या सांगण्यानुसार तो ठरवून बसवलेला नव्हता. त्या घटकेला हात जसा पडला तसा पडला. एवढी तयारी करून नेमक्या जागी अभियंत्यानं वादकाला मोकळं सोडलं, हेही या कामातलं शहाणपणच. तबल्याशी तुलना करायची तर ही तिहाई नव्हे. तिहाईत ऐकणाऱ्याला सम येणार हे आधीच कळतं. इथे तीन मिनिटं चाळीस सेकंद सम असल्याचाच पत्ता नसतो.

ठेका कुठे आहे?

हा प्रश्न अहमेत एर्टेगुन यांनी विचारला. अमेरिकेत कॉलिन्सचे अल्बम काढणाऱ्या अटलांटिक रेकॉर्ड्सचे ते सहसंस्थापक. डेमो त्यांना मनापासून आवडले होते आणि पाठिंबाही त्यांनी दिला होता. सिंगलबद्दल मात्र ते अडले. कॉलिन्सनं सांगितलं की ड्रम पुढे येतो. एर्टेगुन यांचं म्हणणं असं की, ते तुला माहीत आहे, रेडिओ ऐकणाऱ्या पोराला कुठे माहीत? त्याला ठेका सापडला नाही तर तो तिथवर थांबणारच नाही. म्हणून सिंगलच्या आवृत्तीत आधीच्या भागाखाली वेगळे ड्रम वाजवून घातले गेले.

दोन्ही आवृत्त्या लागोपाठ ऐकल्या की फरक लगेच कानात भरतो. सिंगलमध्ये पायाखाली जमीन आहे; गाणं पहिल्यापासून चालतं. अल्बममध्ये गाणं उभं असतं, आणि ते उभं राहणंच त्याची ताकद आहे. आमच्या मते भर घातल्यानं मूळ कल्पनेला धक्का लागला : जो स्फोट शून्यातून व्हायचा तो आता मंद वाजणाऱ्या ठेक्यातून होतो, म्हणून लहान वाटतो. आज जगभर लोक कानात घेऊन फिरतात ती अल्बमची आवृत्ती. पण एर्टेगुन चुकीचं विचारत होते असं म्हणता येत नाही. १९८१च्या जानेवारीत हा माणूस एकटा गाणार म्हणून कुणी वाट पाहत नव्हतं, आणि रेडिओवर गाण्याच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात डायल फिरायची. तडजोडीची जागा त्यांनी नेमकी निवडली : शब्द, कॉर्ड, लांब आरंभ यांना हात न लावता ठेका कळण्यापुरतीच भर. ड्रमचा मुख्य प्रवेश जिथल्या तिथे राहिला. आणि मूळ आवृत्ती फेब्रुवारीत आलेल्या अल्बमात शाबूत ठेवली, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. रेडिओसाठी केलेली आवृत्ती हीच एकमेव आवृत्ती असती तर मूळ कल्पना टेपच्या डब्यात राहिली असती.

ब्रिटनमध्ये लोकप्रिय सिंगलच्या यादीत गाणं दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. पहिली जागा मिळणं त्या आठवड्यांत कठीणच होतं. ८ डिसेंबर १९८०ला जॉन लेननची हत्या झाली होती आणि यादीच्या माथ्यावर त्याचीच गाणी होती. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि स्वीडनमध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. अमेरिकेत १९व्या क्रमांकावर थांबलं. म्हणजे ज्या बाजाराचा विचार करून एर्टेगुन यांनी ठेका मागितला, तिथे ते तुलनेनं मागेच राहिलं.

टीव्हीवर 'टॉप ऑफ द पॉप्स'मध्ये कॉलिन्स कीबोर्डपाशी बसला तेव्हा शेजारी रंगाचा डबा दिसत होता. पत्नीचं प्रकरण रंगकाम करणाऱ्याशी होतं, म्हणून हा टोमणा, असा अर्थ वर्तमानपत्रांनी काढला आणि खाजगी दुःखाची चर्चा गाण्यापुढे धावू लागली. पहिलं गाणं स्वतःच्या जखमेतून आलेलं असलं की मंचावरच्या प्रत्येक वस्तूचा अर्थ लावला जातो. डबा कुणी आणि का ठेवला हे नंतर कितीही सांगा.

१ ऑगस्ट १९८१ला गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारं एमटीव्ही हे अमेरिकी चॅनेल सुरू झालं, त्या पहिल्याच दिवशी या गाण्याचा व्हिडिओ दाखवला गेला. सप्टेंबर १९८४मध्ये 'मायामी व्हाईस' मालिकेच्या पहिल्या भागात रात्री गाडी चालवण्याच्या लांब प्रसंगामागे तेच वाजलं. संवाद जवळजवळ थांबवून. २००७मध्ये कॅडबरीच्या ब्रिटिश जाहिरातीत गोरिला ड्रमसमोर बसला, थांबला, आणि तो तुकडा वाजवला. गाणं पुन्हा ब्रिटनच्या यादीत आलं. २०२०मध्ये अमेरिकेतल्या दोन तरुण जुळ्या भावांनी ते पहिल्यांदा ऐकतानाचा व्हिडिओ टाकला. ड्रम येतो तेव्हा त्यांचे चेहरे बदलतात, आणि इतक्या उशिरा कुणी ठोका टाकतो का म्हणून ते चकित होतात. चाळीस वर्षांनंतरचे ते दोघे म्हणजे एर्टेगुन ज्याची काळजी करत होते तेच पोर, आणि ते शेवटपर्यंत थांबले होते.

मणक्याच्या दुखण्यातून मज्जातंतूंना इजा झाल्यानं कॉलिन्सला पुढे काठ्या धरणं जमेनासं झालं. २०१७च्या दौऱ्यात तो खुर्चीवर बसून गात होता, आणि त्याच्या मागे ड्रमवर त्याचा मुलगा निक होता, वय १६. सीआर-७८ची टिकटिक सुरू व्हायची, प्रेक्षक उभे राहायचे, आणि निक हातात काठ्या घेऊन तीन मिनिटं चाळीस सेकंद वाट पाहायचा.